येल्मरचा हात

खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले. रविवारची दुपार, आमच्या गावच्या शुश्रूषागृहाचा जेवणाचा हॉल, कॉफीच्या किटल्या आणि माणशी एक बिस्कीट. एक उचललं की डब्याचं झाकण बंद. समोर चमत्कार चालू असला तरी आमच्या फ्रीसलँड प्रांतातला माणूस दुसरं बिस्कीट पुढे करत नाही.

पुढ्यात चाकांच्या खुर्चीत माझा भाचा येल्मर. वय चौतीस. मान उशीला टेकवलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, डोळे छताकडे. खुर्चीच्या फळीवर टॅबलेट, त्यावर मोठमोठी अक्षरं. शेजारी स्टुलावर लिडेवाय नावाची बाई, पन्नाशीची, गळ्यात निळा रेशमी रुमाल. तिनं येल्मरचा उजवा हात मनगटाशी धरला होता, त्याचं एक बोट पुढे काढून. बोट अक्षरांवर टकटक पडत होतं. वाक्य पूर्ण झालं की यंत्राचा आवाज ते वाचून दाखवायचा.

"मेम, मी इथेच आहे," यंत्र बोललं. मेम म्हणजे आमच्याकडे आई.

हॉलमध्ये हुंदके फुटले. माझी धाकटी बहीण हिस्के, येल्मरची आई, पुढच्या रांगेत बसून तोंडावर हात दाबून रडत होती, आणि रडता रडता हसतही होती.

"पाहिलंत?" लिडेवाय उठून उभी राहिली. "डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला म्हणजे माणूस गेला. अहो, रेडिओ फुटला म्हणून स्टेशन बंद पडतं का? गाणं चालूच असतं! शरीर हा नुसता डबा आहे. मन त्याच्यात नसतंच मुळी, ते त्याच्यातून वाजतं. मी काय करते? काही नाही. हाताला फक्त आधार देते."

मी शेवटच्या रांगेतून विचारलं, "रेडिओ फुटलाय तर गाणं ऐकू कुठून येतंय, बाई?"

लोकांनी माना वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रार्थनेत ढेकर दिलीय. हिस्केनं मात्र वळून पाहिलं नाही.

मी दाउत्सेन. फ्रानेकरच्या शाळेत एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. मन आणि शरीर यांचं नातं काय, हा प्रश्न दर वर्षी फळ्यावर लिहिला आणि दर वर्षी उत्तर न देता पुसला. चारशे वर्षांपूर्वी एक फ्रेंच पंडित आमच्या याच गावाच्या विद्यापीठात नाव घालून गेला. त्याचं म्हणणं, मन वेगळं, शरीर वेगळं. हेगमध्ये राहणाऱ्या एका राजकन्येनं त्याला पत्रातून साधा प्रश्न टाकला: ज्या मनाला वजन नाही, आकार नाही, ते हाताला ढकलतं तरी कसं? पंडित पुष्कळ गोड बोलला. उत्तर काही त्याला देता आलं नाही. मुलांना ही गोष्ट आवडायची. मलाही आवडायची, घरात असं काही घडेपर्यंत.

त्या रविवारच्या दोन वर्षं आधी जानेवारीत कालवा गोठला. पहिल्या बर्फाची आमच्याकडे काय धुंदी असते ते सांगत बसत नाही. येल्मर सकाळी उजाडता उजाडता स्केट चढवून निघाला आणि पुलाखाली बर्फ फुटून आत गेला. गावचा बर्फमास्तर सिब्रेन, त्याचा बालमित्र, बर्फाची जाडी मोजायला थोड्या वेळानं तिथे आला. त्याला भोक दिसलं. शिडी आडवी टाकून, पोटावर सरपटत त्यानं येल्मरला बाहेर काढलं. पंचवीस मिनिटं गेली होती. पाणी इतकं गार की हृदय पुन्हा चालू झालं. बाकी काही चालू झालं नाही.

डॉक्टर हेप्केमा या बाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी हिस्केला समोर बसवून सांगितलं, "मेंदूचा वरचा भाग गेला. खालचा देठ शाबूत आहे. तो श्वास चालवतो, झोपवतो, जागं करतो, जांभई देतो. मी मशिनीत घालून दोनदा तपासलं. काही पेशंट आतून जागे असतात, तसं असतं तर कुठेतरी खूण सापडली असती. नाही सापडली."

आमच्या देशात अशा वेळी डॉक्टर नळीतून अन्न देणं थांबवतात. तारीख ठरायची होती. हिस्केनं जेवण सोडलं, केस विंचरणं सोडलं. आणि मग कुणीतरी तिला लिडेवायचा पत्ता दिला. लिडेवाय दूर दक्षिणेकडची, लिम्बर्गची. पहिल्याच दिवशी येल्मरच्या बोटानं लिहिलं, "मला मारू नका."

तारीख पुढे ढकलली गेली. कुठल्या डॉक्टरची छाती आहे त्यानंतर नळी काढायची?

एक टोमणा मारण्यापलीकडे मी काय केलं? काही नाही. आता माझी मला लाज वाटते. मला पहिल्याच रविवारी दिसलं होतं की बोट अक्षरांवर पडतंय आणि येल्मरचे डोळे छतावर आहेत. तुम्ही छताकडे बघत एका बोटानं टाईप करून दाखवा बघू. अक्षरांवर डोळे होते ते लिडेवायचे. पण हिस्के पुन्हा जेवायला लागली होती. मला फोन करून म्हणायची, "अगं दाउत्सेन, आज त्यानं लिहिलं, मेम, तुझा निळा कोट छान आहे." मी म्हणायचे, "हो का? छान." त्या बाईनं निळा कोट पाहिलाय, एवढं पाच शब्दांचं वाक्य माझ्या जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचे. पाच महिने गिळलं.

मग हिस्केनं तो प्रश्न विचारला.

तिला दोन वर्षं एकच गोष्ट कुरतडत होती: येल्मर पुलाखाली गेलाच कशाला? चार वर्षांचा असल्यापासून स्केट करणारा मुलगा! भर हॉलमध्ये तिनं विचारलं, "बाळा, तू तिकडे का गेलास रे?"

बोट बराच वेळ अक्षरांवर घुटमळलं. मग यंत्र बोललं, "सिब्रेननं पुलाखाली भोक पाडून बर्फ मोजला. म्हणाला, बारा सेंटिमीटर आहे, बिनधास्त जा."

एकेकानं कॉफीचा कप खाली ठेवला.

आठ दिवसांत गावानं सिब्रेनला वाळीत टाकलं. कुणी तसं म्हणालं नाही, आमच्याकडे म्हणत नाहीत. स्केटिंगची व्यवस्था बघणाऱ्या बर्फमंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्याकडून बर्फाला भोक पाडायचा गिरमिट आणि मंडळाच्या कालव्याकाठच्या झोपडीची किल्ली परत मागितली. बेकरीतली पोरगी त्याच्या पावाची पिशवी हातात द्यायची सोडून काउंटरवर ठेवायला लागली. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला एकही मूल आलं नाही. केशरी केक अख्खाच्या अख्खा टेबलावर.

तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. सहा फुटी माणूस, पण खुर्चीत पार गोळा झालेला.

"बाई, मी तसं म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "मी त्या दिवशी त्याच्याशी बोललोच नव्हतो. मी पोचलो तेव्हा तो पाण्यात होता."

"मला माहीत आहे, सिब्रेन."

"तुम्हाला कसं माहीत?" तो एकदम चिडला. "मलाच आता खात्री वाटेनाशी झालीय! रात्रभर आठवत बसतो. आदल्या दिवशी काही बोललो असेन का? मस्करीत? येल्मर खोटं कशाला बोलेल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यानं जीव धोक्यात घालून त्याला बाहेर काढलं, तो स्वतःवरच संशय घ्यायला लागला होता.

"सिब्रेन, नीट ऐक," मी म्हणाले. "तू पुलाखाली बर्फ मोजतोस?"

"वेडबिड लागलंय का? पुलाखाली कोण मोजेल?"

"का नाही मोजत?"

"तिथला बर्फ कच्चाच असतो. हे काय विचारणं झालं?" आणि तो बोलता बोलता थांबला.

आमच्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. पूल आला की काठावर चढायचं, तिथे जुन्या सतरंज्या अंथरलेल्या असतात, त्यांवरून स्केटसकट खटखट चालत पुलाला वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरायचं. पुलाखाली बर्फमास्तर मोजत नाही, आणि त्यानं कितीही जाडी सांगितली तरी कुणी जात नाही. येल्मर त्या दिवशी तिकडे कसा गेला ते कुणालाच कधी कळणार नाही, पण सिब्रेननं त्याला तसं सांगितलं असतं, तर येल्मर त्याच्या तोंडावर हसला असता. हे वाक्य फक्त अशा माणसाच्या डोक्यातून येऊ शकतं जो कधी गोठलेल्या कालव्यावर उभाच राहिला नाही. लिम्बर्गमध्ये टेकड्या आहेत. कालव्यावरून गावोगाव हिंडणं तिथे नाही.

आणि त्या हॉलमध्ये शंभर स्केट करणारे बसले होते. एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून शंभर जणांची अक्कल एका दमात वाहून गेली.

मी लिडेवायला गाठून पुलाचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही मनाला गावचे नियम लावताय. मन अपघातानंतर वेगळ्या पातळीवर असतं."

"वेगळ्या पातळीवर असेल, पण इतकं खाली उतरून शेजाऱ्याच्या नावानं बोंब मारतं?"

"तुम्हाला येल्मर जिवंत नकोय का?"

हे तिनं हिस्केसमोर विचारलं. मी म्हणाले, "एक परीक्षा घेऊ. दहा चित्रं. येल्मरला दाखवायची, त्यानं लिहायचं. बस्स."

"हजार घ्या," लिडेवाय म्हणाली. ती घाबरली नव्हती. आतून खात्री असलेला माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की ही बाई लबाड नाहीच, आणि त्या शंकेनं मला अधिकच भीती वाटली.

परीक्षा डॉक्टर हेप्केमांनी घेतली. खोलीत हिस्के, सिब्रेन, मी आणि गावातले दोघे साक्षीला. येल्मर आणि लिडेवाय यांच्या मध्ये डॉक्टरांनी पुठ्ठ्याचा उभा आडोसा लावला, वरून खालपर्यंत. त्याला खाली एक खाच, तेवढ्यातून येल्मरचा हात पलीकडच्या टॅबलेटपर्यंत जाईल इतकी. दोघांच्या पुढ्यात आपापली चित्रं. एकाचं दुसऱ्याला दिसू नये. लिडेवायला सांगितलं होतं, येल्मर जे बघतोय ते लिहू द्या.

पहिली चार चित्रं दोन्हीकडे सारखीच होती. गाय, गाय. बोटानं लिहिलं, गाय. होडी. घड्याळ. पवनचक्की. चारच्या चार बरोबर. हिस्केचा चेहरा उजळला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बोल!"

पाचव्या चित्रापासून डॉक्टरांनी दोन बाजूंना वेगवेगळी चित्रं ठेवली. येल्मरसमोर त्याचा स्वतःचा स्केट. लिडेवायसमोर चीजचा गोळा. यंत्र बोललं, "चीज."

येल्मरसमोर कुत्रा, तिच्यासमोर शिडी. "शिडी."

येल्मरसमोर हिस्केचा मोठा फोटो, अगदी डोळ्यांपुढे धरलेला. बोट हललं. यंत्र त्या सपाट आवाजात म्हणालं, "छत्री."

हिस्के उठून आडोशापलीकडे गेली. लिडेवायच्या पुढ्यात छत्रीचं चित्र होतं. हिस्केनं ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, जणू मागे काही लिहिलं असेल.

उरलेल्या तिन्ही वेळी तेच झालं. सहाच्या सहा वेळा बोटानं ते लिहिलं जे लिडेवायनं पाहिलं होतं. येल्मरनं पाहिलेलं एकदाही नाही. शेवटी डॉक्टरांनी लिडेवायला डोळे मिटायला सांगितले. यंत्रातून नुसती अक्षरांची भेळ बाहेर पडली.

लिडेवायनं आडोसा बाजूला केला. दोन्हीकडची चित्रं एकाशेजारी एक मांडली.

"मी लिहिलं नाही," ती म्हणाली. "देवाशपथ. मी ढकललं नाही. मला जाणवलं, तो ओढत होता. त्याचा हात ओढत होता!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नाही. उत्तर तुमच्या डोक्यात होतं, आणि तुमचा हात तुम्हाला न विचारता तिकडे गेला. प्लँचेटवर बोटं ठेवणारे सगळे असंच म्हणतात, वाटी आपोआप सरकली."

"मग हे पाच महिने… बाकीच्या घरांतही… बारा वर्षं मी…" तिनं स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं पकडून धरला. मी तिला खोटं उघडं पाडून फैलावर घ्यायचं ठरवून आले होते. तिच्या कुठल्या लबाडीला फैलावर घेऊ? एकतीस वर्षं मी मुलांना विचारत आले, मन हात हलवतं ते कसं? इथे एक हात पाच महिने लिहीत होता, आणि त्या हाताच्याच मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या फळ्यावरचा प्रश्न माझ्यासमोर बसून रडत होता आणि माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

एवढं मात्र स्पष्ट होतं, आणि मी ते पुढच्या रविवारी हॉलमध्ये उभी राहून सांगितलं. मन कुठे असतं मला माहीत नाही. पण कुणी म्हणालं की मी दुसऱ्याच्या मनातलं लिहून दाखवतो, तर मध्ये एक पुठ्ठा धरा. लागतात किती, पाच मिनिटं! पाच मिनिटं आपण कुणी काढली नाहीत आणि एका निरपराध माणसाचं आयुष्य नासवलं.

लोकांनी ऐकलं. कॉफी संपवली. बर्फमंडळानं सिब्रेनला गिरमिट आणि किल्ली परत केली, पण माफी कुणी मागितली नाही. एक म्हातारा जाता जाता मला म्हणाला, "ते सगळं खरं असेल हो, दाउत्सेन. पण धूर काही उगाच निघत नसणार." सिब्रेननं पुढच्या हिवाळ्यापूर्वीच घर विकलं आणि गाव सोडलं. लिडेवाय ज्या संस्थेतर्फे घरोघर जायची, त्या संस्थेनं तिच्या जागी दुसरी बाई नेमली. तीही हाताला फक्त आधार देते.

आणि येल्मरची तारीख ठरली. बुधवार.

मंगळवारी दुपारी मी गेले तेव्हा हिस्के त्या स्टुलावर बसली होती. टॅबलेट फळीवर. येल्मरचा हात तिच्या हातात, बोट पुढे काढलेलं. मला पाहून तिनं लपवलं नाही.

"मी विचारलं त्याला," ती म्हणाली. "उद्याचं. बघ काय लिहिलं."

काचेवर दोन शब्द होते. "मेम, पुरे."

"मी जराही जोर लावला नाही गं," हिस्के म्हणाली. "हात आपोआप गेला. मी सांगते ना, मला ओढ जाणवली." मग तिचा आवाज खाली आला. "दाउत्सेन, तू शिकलेली आहेस. तू खोटं बोलत नाहीस. खरं सांग. हे त्यानं लिहिलं, की मी?"

येल्मरनं जांभई दिली. मोठी, निवांत, लहानपणी शाळेतून आल्यावर द्यायचा तशी. त्याचे डोळे छतावर होते.

"तू," मी म्हणाले.

"मी."

"हो."

"म्हणजे पुरे असं मीच म्हणतेय."

मी म्हणाले, निर्णय डॉक्टरांचा आहे, तुझा नाही. मी म्हणाले, तू थकलीस, थकणं हा गुन्हा नाही. मी अजूनही बरंच काही म्हणाले. तिनं येल्मरचं बोट हळूच मिटवलं, हात त्याच्या मांडीवर ठेवला, आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. बुधवारी नळी काढल्यावर अकरा दिवस ती खोलीत बसून होती, भिंतीशी, दोन हात अंतरावर. त्याला हात लावायची तिला भीती वाटत होती. अकराव्या दिवशी सकाळी श्वास थांबला तेव्हा त्याचा हात नर्सच्या हातात होता.

हिस्के माझ्याशी एकदाच बोलली, दफनाहून परतताना. "तुला एक शब्द खोटं बोलता आलं नाही?"

नाही आलं. खऱ्यानं माणसाला बरं वाटतं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर ते ऐकू नका. मला वाटलं नाही, हिस्केला तर नाहीच नाही. पण चमत्कार दाखवणारा दारात आला की पहिल्याच दिवशी पुठ्ठा मध्ये धरा. मी पाच महिने उशीर केला. पहिल्या रविवारी धरला असता, तर माझ्या बहिणीनं आपल्या मुलाला एकदाच गमावलं असतं.